ती भिंत रातोरात रंगवू नका

प्रति,
शहराचे आयुक्त, उद्यान विभागाचे अधिकारी, स्वच्छता विभागाचे प्रमुख आणि पोलीस अधिकारी यांना

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एका शहरापुरतं नाही. एखादा रॉक संगीतकार जातो, बातमी येते, आणि तासाभरात कुठल्या तरी भिंतीपाशी, पुलाच्या कठड्यापाशी किंवा बागेतल्या बाकापाशी माणसं जमू लागतात. फुलं येतात, मेणबत्त्या येतात, चिठ्ठ्या येतात. आठवडाभरात तुमच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर एक कागद येतो : सार्वजनिक जागेत साचलेलं साहित्य हटवण्याबाबत. त्या कागदावर सही करण्याआधी तुम्ही हे वाचावं, म्हणून लिहिते आहे.

आमचा जो गेला त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव आलं की शहर ओळखू येईल, आणि मग बाकीच्या शहरांतले अधिकारी म्हणतील, हे काही आपल्यासाठी नाही. शिवाय ज्यांनी ते काम केलं त्यांना मी दुष्ट मानत नाही. आपण काय उचलतो आहोत हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

बातमी आली त्या संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण एका बंद पडलेल्या सभागृहाच्या बाजूच्या भिंतीपाशी जमलो. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. त्या सभागृहात त्याच्या बँडने पहिला कार्यक्रम केला होता, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. एकाने फोनवर गाणं लावलं. आवाज बारीक होता, म्हणून सगळे जवळ सरकले. अनोळखी माणसांच्या इतक्या जवळ मी एरवी कधीच उभी राहिले नसते. दुसऱ्या दिवशी फुलं आली. तिसऱ्या दिवशी भिंत खांद्याच्या उंचीपर्यंत चिठ्ठ्यांनी भरली आणि खाली फरशीवर रांग लागली : गिटारचे पिक, एक तुटकी ड्रमस्टिक, कोपरा फाटलेली जुनी तिकिटं, आणि लेबलावर बॉलपेनने नाव लिहिलेली एक कॅसेट. कॅसेटची फीत बाहेर आली होती. कोणीतरी खिशातून पेन्सिल काढली, भोकात घालून फिरवली आणि फीत नीट आत घेतली. ती कॅसेट आता कोणी वाजवणार नव्हतं, तरीही.

मी रोज काम सुटल्यावर तिथे जायचे. कारखान्याचा गणवेश घातलेला एक माणूस यायचा, कानाला हेडफोन. एक अख्खं गाणं संपेपर्यंत उभा राहायचा आणि निघून जायचा. किती वेळ उभा राहिला त्यावरून कोणतं गाणं असेल, याचा मी मनाशी अंदाज बांधायचे. एक बाई जुनं कार्ड घेऊन येत आणि फरशीवर गळलेलं मेण खरवडून काढत, कोणाचा पाय घसरू नये म्हणून. आणि पहाटे रस्ता झाडणारे एक काका होते. माझी एकदा त्यांच्याशी गाठ पडली. ते झाडू फुलांच्या अलीकडे थांबवत, वाऱ्याने उडालेल्या चिठ्ठ्या एकेक करून उचलत आणि पुन्हा दगडाखाली ठेवत. त्यांनी त्याचं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "लिहिलेला कागद आहे ना, मग तो कोणाचा तरी आहे."

चिठ्ठ्यांमधली एक मला अजून तोंडपाठ आहे. चौकोनांच्या वहीचा कागद, हिरव्या खडूने लिहिलेला, अक्षर लहान मुलीचं. "माझे बाबा गाडीत तुमचं गाणं लावायचे. बाबा गेल्यावर आईने गाडी विकली. गाणं मी ठेवलं आहे."

अकराव्या रात्री ते सगळं गेलं. बाराव्या दिवशी मी पोचले तेव्हा भिंतीला फिकट पिवळा रंग दिलेला होता आणि वास ताजा होता. फरशी पाण्याने धुतली होती. फक्त दोन फरश्यांच्या फटीत मेण उरलं होतं आणि त्यात एक पिक रुतून बसला होता. तो मी नखाने उकरून काढला. हेडफोनवाला माणूस त्या दिवशीही आला. भिंतीकडे पाहिलं, हेडफोन खाली काढले आणि गाणं न ऐकताच परत गेला. चौकशी केली तेव्हा एका विभागाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि शेवटी एक वाक्य मिळालं : कचरा होता, उचलला.

आता माझं म्हणणं.

तुम्हाला वाटतं, हे लोक इथे का जमतात? त्याच्या थडग्यापाशी का जात नाहीत? पुष्कळदा थडगंच नसतं. बीटल्स बँडच्या जॉन लेननचं नाही. ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याच्या घराच्या दारात त्याला गोळ्या घातल्या गेल्या, दहन झालं, आणि अंत्यविधीचा जाहीर कार्यक्रम झालाच नाही. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी गेला. त्याची रक्षा कुठे आहे हे जगाला आजही माहीत नाही आणि त्याची तशीच इच्छा होती. निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन १९९४ साली गेला, त्याचंही दहन झालं. इंग्लंडचा रॉक गायक डेव्हिड बोवी १० जानेवारी २०१६ रोजी, एकोणसत्तरावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले असताना गेला. त्याचंही दहन कुठलाही समारंभ न करता झालं. हे निर्णय त्या माणसांचे आणि त्यांच्या घरच्यांचे. त्यात आम्हा चाहत्यांचा काही हक्क नाही, आणि कोणी मागूही नये. पण दुःखाला जाऊन उभं राहायला कुठेतरी जागा लागते. म्हणून लंडनमध्ये फ्रेडीच्या घराच्या बाहेरची भिंत निरोपांनी भरली. म्हणून लंडनच्याच ब्रिक्स्टन भागात, जिथे बोवी जन्मला, तिथल्या एका दुकानाच्या भिंतीवरच्या त्याच्या चित्रासमोर बातमी आली त्याच दिवशी फुलांचा ढीग झाला आणि संध्याकाळी रस्ताभर माणसं त्याची गाणी म्हणत उभी राहिली.

अमेरिकेत सिॲटल शहरात कोबेनच्या घराशेजारी व्हिरेटा पार्क नावाची छोटी बाग आहे. तिथे त्याचं अधिकृत स्मारक नाही. साधी लाकडी बाकं आहेत, आणि त्या बाकांवर इंच न् इंच लिहिलेलं आहे. १९९४ नंतर जन्मलेली मुलंही तिथे येऊन लिहून जातात.

तुमच्यापैकी काही जणांच्या मनात येईल, न भेटलेल्या माणसासाठी एवढं काय? मला हे कामावरही विचारलं गेलं. "तुमच्या ओळखीचे होते का?" मी नाही म्हटलं आणि पुढे काही बोलता आलं नाही. आज बोलते. मी सोळा वर्षांची असताना माझ्या घरात दिवसचे दिवस कोणी कोणाशी बोलत नव्हतं. दार लावून मी हेडफोन घालायचे आणि तो माणूस माझ्या कानात ओरडायचा. माझ्या मनात जे होतं ते मोठ्याने म्हणायची मला परवानगी नव्हती, आणि तो ते सगळ्या जगासमोर, बेसुर होण्याची पर्वा न करता म्हणत होता. रॉक संगीत ऐकणाऱ्या कोणालाही विचारा, असं एखादं दार लावलेलं वय निघेल. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, घरं बदलली, माणसं आली आणि गेली. तो आवाज तीस वर्षं तसाच राहिला. मी त्याला ओळखत नव्हते हे खरं. त्याच्या आवाजाइतकं मात्र मी फार थोड्या माणसांना ओळखते.

आणि हा शोक घरात करता येत नाही. सुतक नाही, रजा नाही, कोणी भेटायला येत नाही. घरातल्या माणसांना ते गाणंही नको असतं. म्हणून ती भिंत. तिथे शेजारी उभ्या असलेल्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

शहरांनी हे ओळखलं तर काय होतं, याचे दाखले आहेत. लेनन गेल्यावर त्याच्या पत्नीने, योको ओनोने, लोकांना एवढंच सांगितलं की १४ डिसेंबरला दहा मिनिटं शांत राहा, जिथे असाल तिथे. सेंट्रल पार्कमध्ये हजारो लोक जमले आणि न्यूयॉर्कच्या रेडिओ केंद्रांनी त्या दहा मिनिटांसाठी प्रक्षेपण थांबवलं. शहराने पुढच्याच वर्षी त्याच्या घरासमोरचा बागेचा तुकडा त्याच्या नावाने राखून ठेवला. सुमारे अडीच एकरांचा. ९ ऑक्टोबर १९८५ रोजी, तो असता तर पंचेचाळिसावा वाढदिवस असता त्या दिवशी, ती जागा खुली झाली. जमिनीत बसवलेलं काळं-पांढरं मोझॅक नेपल्स शहराने दिलं, झाडं देशोदेशींहून आली. चाहते दर वर्षी त्याच्या जन्माच्या आणि मृत्यूच्या तारखेला तिथे येतात, गिटार घेऊन बसतात, मोझॅकवर फुलं मांडतात.

प्राग शहराची गोष्ट तर तुम्हा सर्वांना मुद्दाम सांगावीशी वाटते. लेनन गेल्यावर तिथल्या मुलांनी माला स्ट्राना भागातल्या एका भिंतीवर त्याचा चेहरा काढला आणि त्याच्या गाण्यांच्या ओळी लिहिल्या. तेव्हाच्या कम्युनिस्ट सरकारने ती भिंत पांढरी केली. मुलांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा पांढरी केली, पुन्हा लिहिलं. वर्षानुवर्षं हेच चाललं. ते सरकार १९८९ साली गेलं, भिंत आहे. सोपं मात्र नंतरही राहिलं नाही. २०१४ साली काही विद्यार्थ्यांनीच ती रात्रीत पांढरी केली आणि थोड्या दिवसांत ती पुन्हा भरली. २०१९ साली स्प्रे रंगांचा आणि दारू पिऊन धिंगाण्याचा त्रास फार वाढला, तेव्हा मालकांनी आणि पालिकेने मिळून नियम केले : स्प्रे चालणार नाही, पेन्सिल, मार्कर, खडू चालेल, तेही मोकळ्या ठेवलेल्या भागात. मला हे पटतं. नियम जरूर करा. नियम आला की निदान कोणाशी बोलायचं ते कळतं. रात्रीत दिलेल्या रंगाशी काय बोलणार?

मॉस्कोत आर्बात रस्त्याच्या कडेला व्हिक्टर त्सोयची भिंत आहे. किनो या बँडचा हा गायक १५ ऑगस्ट १९९० रोजी लॅटव्हियात मोटार अपघातात गेला, वय अठ्ठावीस. तेव्हा कोणीतरी त्या भिंतीवर लिहिलं की आज त्सोय गेला. खाली दुसऱ्या कोणीतरी उत्तर लिहिलं : त्सोय जिवंत आहे. तेच शब्द नंतर देशभर भिंतींवर उमटले. चाहते तिथे सिगरेट मोडून ठेवून जातात. बाहेरच्या माणसाला ती थोटकं दिसतील. झाडणाऱ्याला कोणी सांगितलं नाही तर तो ती थोटकं म्हणूनच झाडेल, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही.

चाहत्यांकडून चुका होत नाहीत असं मी म्हणत नाही. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत द डोअर्स बँडचा गायक जिम मॉरिसन याचं थडगं आहे, ३ जुलै १९७१ रोजी तो गेला तेव्हापासूनचं. तिथे येणाऱ्यांनी शेजारपाजारच्या थडग्यांवर बाण काढले, 'जिम इकडे' असे. ती थडगीही कोणाच्या तरी आईची, कोणाच्या तरी मुलाची होती. १९८१ साली बसवलेला त्याचा अर्धपुतळा १९८८ साली चोरीला गेला आणि २०२५ साली पोलिसांना एका वेगळ्याच प्रकरणाच्या तपासात सापडला. आता थडग्याभोवती कठडे आहेत. ते कठडे लावणाऱ्यांना मी दोष देणार नाही. दुसऱ्याच्या दुःखाची जागा खराब करून आपलं दुःख मांडता येत नाही, आणि हे मी आमच्या भिंतीपाशी येणाऱ्या मुलांनाही सांगत असे. शेजारच्या घराच्या फाटकावर चिठ्ठी चिकटवू नका. रात्री दहानंतर गाणं नको.

पण चाहत्यांच्या हाती जबाबदारी दिली तर काय होतं, तेही पाहा. टी. रेक्स बँडचा गायक मार्क बोलन १६ सप्टेंबर १९७७ रोजी लंडनच्या बार्न्स भागात अपघातात गेला. तिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. गाडी ज्या झाडावर आदळली ते सिकॅमोरचं झाड रस्त्याच्या कडेला, उतारावर. लोक त्या झाडाला चिठ्ठ्या बांधू लागले. वीसेक वर्षं कोणाचंच नीट लक्ष नव्हतं. १९९९ साली चाहत्यांच्या एका गटाने त्या जागेची कायदेशीर जबाबदारी मागितली आणि त्यांना ती मिळाली. त्यांनी उतारावर पायऱ्या बांधल्या, झाडाची निगा राखली, आणि २००२ साली तिथे बोलनचा अर्धपुतळा बसला, त्याच्या मुलाच्या हस्ते. ती जागा आजही ते सांभाळतात. विचारून तर पाहा. मेण खरवडणाऱ्या बाई प्रत्येक शहरात असतात.

आता जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो पोलिसांसाठी आणि आरोग्य विभागासाठी. रॉक संगीतातले काही मृत्यू आत्महत्येचे असतात, आणि तेव्हा जमावाला पांगवण्याची घाई सर्वांत जास्त होते. 'मुलं काही वेडंवाकडं करतील' ही भीती खोटी नाही. जपानमध्ये एक्स जपान या बँडचा गिटारवादक हिदे २ मे १९९८ रोजी गेला. त्याच्या अंत्यविधीला टोकियोच्या मंदिराबाहेर सुमारे पन्नास हजार लोक आले, आणि काही चाहत्यांनी जीव दिल्यावर बँडमधल्या सहकाऱ्याला जाहीरपणे विनवावं लागलं की असं करू नका. पण सिॲटलमध्ये काय झालं तेही त्याच वेळी ध्यानात घ्या. ८ एप्रिल १९९४ रोजी कोबेनचा मृतदेह सापडला आणि दोन दिवसांनी, १० एप्रिलला, शहरात सार्वजनिक शोकसभा झाली. सुमारे सात हजार लोक आले. त्याच्या पत्नीने ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं ऐकवलं गेलं, आणि त्यात दुःखाइतकाच त्याच्यावरचा रागही होता. तो लपवला नाही. मदतवाहिनीची माणसं लोकांपर्यंत पोचली. नंतर अभ्यासकांनी आकडे तपासले तेव्हा त्या भागात आत्महत्या वाढल्याचं दिसलं नाही. वाढले ते मदतवाहिनीला आलेले फोन. कारणं त्यांनी अनेक मांडली. वृत्तपत्रांनी बातमी कशी दिली हे एक, आणि लोकांपर्यंत मदत पोचवली गेली हे दुसरं. मदत पोचवायची तर माणसं एका जागी असावी लागतात. त्या भिंतीपाशी मदतवाहिनीच्या क्रमांकाचा एक फलक लावा, संध्याकाळी एक समुपदेशक उभा करा. पांगवलेली मुलं आपापल्या खोलीत जातात, दार लावून. त्या दाराआड काय असतं हे मला माहीत आहे.

आणि अगदी अलीकडचं उदाहरण बर्मिंगहॅमचं. ब्लॅक सॅबथ बँडचा गायक ओझी ऑस्बर्न इंग्लंडमधल्या त्याच शहराच्या ॲस्टन भागात वाढला. ५ जुलै २०२५ रोजी त्याने लहानपणच्या घरापासून जवळच असलेल्या व्हिला पार्क मैदानावर बसून शेवटचा कार्यक्रम केला, उभं राहणं शक्य नव्हतं म्हणून सिंहासनावर बसून. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला. शहरात ब्रॉड स्ट्रीटवर कालव्यावरचा एक पूल ब्लॅक सॅबथच्या नावाचा आहे आणि २०१९ पासून तिथे बँडच्या चौघांचे चेहरे असलेला बाक आहे. लोक आपोआप तिथे गेले. बाक फुलांखाली दिसेनासा झाला. पालिकेने काय केलं? वस्तुसंग्रहालयात शोकपुस्तिका ठेवली. ३० जुलैला रस्ता वाहतुकीसाठी बंद केला आणि अंत्ययात्रा त्या पुलावरून नेण्याची सोय केली. खर्च कुटुंबाने उचलला. ब्रास बँडने सॅबथची गाणी वाजवली. पुलापाशी गाड्या थांबल्या, त्याची पत्नी आणि मुलं खाली उतरली, फुलं ठेवली आणि लोकांनी लिहिलेले निरोप वाचत उभी राहिली. मी ते पडद्यावर पाहिलं. त्याची पत्नी वाकून एकेक कागद पाहत होती. माझ्या मनात एकच आलं, ते कागद तेव्हा तिथे होते म्हणून ती ते वाचू शकली.

आमच्या त्याच्या घरच्यांना ती भिंत बघायला मिळालीच नाही. ते लांबून येणार होते, चौदाव्या दिवशी.

तेव्हा मागणं असं आहे. कायम काही ठेवा असं मी म्हणत नाही. फुलं कुजतात, विशेषतः प्लॅस्टिकच्या वेष्टनात लवकर कुजतात, त्यांना वास येतो, हे मलाही कळतं. मेणबत्तीने आग लागू शकते. चालायला वाट मोकळी हवी, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तर हवीच. तुमच्या अडचणी खऱ्या आहेत. पण हटवायची तारीख आधी लावा, तिथेच, त्या भिंतीवर, मोठ्या अक्षरांत. निदान महिनाभर वाट पाहा आणि त्याच्या घरच्यांना एकदा विचारा. हटवायच्या दिवशी आम्हाला बोलवा. आम्ही येऊ. वेष्टनं सोडवून फुलं खतासाठी वेगळी करायला, मेण काढायला, फरशी धुवायला आम्हीच येऊ, आणि त्या कामाचाही आम्हाला आधारच होईल. चिठ्ठ्या मात्र कचऱ्यात टाकू नका. त्या सुकवून, सपाट करून एका खोक्यात घालून तुमच्या अभिलेखागारात ठेवा. ओल्या कागदाला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं की बुरशी येते. जुन्या वर्तमानपत्रांच्या थरांत ठेवले तर टिकतात. पन्नास वर्षांनी कोणाला जाणून घ्यायचं असेल की या शहरातली साधी माणसं कशाने हलायची, तर त्या खोक्याइतका खरा कागद तुमच्या दप्तरात दुसरा सापडणार नाही.

आणि भिंत रंगवायचीच असेल तर दिवसा रंगवा. आम्हाला उभं राहून बघू द्या.

शेवटचं, त्या एका शहरासाठी. तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हाला कळलं असेल की हे तुमच्याबद्दल आहे. अकराव्या रात्री जे उचललं ते सगळंच लगेच नष्ट झालं नसेल, अशी मला अजून आशा आहे. कधीकधी अशा गोष्टी एखाद्या गोदामात पिशवीत पडून राहतात. कृपया एकदा बघा. कॅसेटच्या लेबलावर निळ्या बॉलपेनने त्याचं नाव आहे, आडनाव चुकीचं लिहिलेलं. ड्रमस्टिक अर्धीच आहे. माझी चिठ्ठी चार घड्यांची आहे, ती नाही सापडली तरी चालेल. चौकोनांच्या वहीचा एक कागद आहे, हिरव्या खडूचा. तो शोधा.

आपली,
त्या भिंतीपाशी रोज येणारी एक श्रोती